घरात मुलाला फक्त भाकरी देतो, तरी सिलिॲकचा रिपोर्ट खाली का येत नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुलाला सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) निघाला, घरी त्याला फक्त ज्वारीची भाकरी, भात, वरण आणि बाहेरचं सगळं बंद. तरी टीटीजीचा (या आजाराच्या रक्ततपासणीचा) आकडा हवा तसा उतरत नाही आणि मधूनच पोट बिघडतं. माझ्या मुलीला हाच आजार आहे, आम्हीही जळगाव जिल्ह्यातलेच. आधी गिरणी बघा.

आपल्याकडे भाकरी रोजचीच, म्हणून खान्देशात हे पथ्य सोपं असं सगळ्यांना वाटतं. पण ती ज्वारी दळली कुठे जाते? गल्लीतल्या गिरणीत, कोणाच्या तरी गव्हाच्या पाठोपाठ. आत अडकलेलं गव्हाचं पीठ सरळ तुमच्या डब्यात येतं. हिशेब करा: १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे एका ग्रॅममध्ये ८०-१०० मिलिग्रॅम. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात. रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते. म्हणजे चिमूटभर पीठही जास्तच. कळण्याच्या भाकरीचंही तेच, ज्वारी-उडदात काही नाही, पण दळण त्याच गिरणीतलं. गिरणीवाला ‘झटकून देतो’ म्हणाला तरी त्यावर जाऊ नका. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू टाकतच नाही. सासूबाईंना ते अजून पटत नाही, गव्हाचं दळण डोक्यावर घेऊन गिरणीत जायचं आणि घरची घंटी रिकामी! घरघंटी जमत नसेल तर ज्वारी निवडून मिक्सरमधून थोडी थोडी काढा आणि वेगळ्या चाळणीने चाळा. पीठ भरड राहतं, भाकरी थापताना चिरते, पण खाता येते.

दुसरी जागा कढई. उन्हाळ्यातलं वाळवण एकाच तेलात तळलं जातं. नागलीचे पापड चालतात, ज्वारीचे बिबडे घरच्या पिठाचे असतील तर तेही, पण त्याच तेलात आधी गव्हाची कुरडई फुललेली असते. मुलाचे पापड आधी तळा, नाहीतर भाजा. विकतच्या शेवेचंही तसंच. बेसनाची असली तरी दुकानात त्याच कढईत कचोरी-समोसे निघतात, म्हणून शेवभाजीची शेव आम्ही घरीच पाडतो.

हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, काहींत तांदळाचं असतं, ते घ्या. सातूच्या पिठात बहुधा गहू असतो. परात, पोळपाट-लाटणं, तवा मुलाचा वेगळा हवा. लाकडाच्या फटीतलं पीठ धुऊन जात नाही.

खरी कसोटी श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट करतात आणि ते पुढे कित्येक दिवस खाल्ले जातात. घरभर कणीक उडते, त्यात वडीलधारी माणसं हातावर तुकडा ठेवतात, ‘एक घास खादा ते काय व्हई?’ भांडून उपयोग नाही. आमच्याकडे मुलीसाठी गूळ-फुटाण्यांचा प्रसाद आधीच वेगळा काढतात, आणि तो सासूबाईच देतात. त्यांनी दिला की बाकीचे गप्प बसतात.

इतकं करूनही कधीतरी जाईलच पोटात. त्यावर उतारा नाही. बाजारातल्या एन्झाइमच्या गोळ्यांच्या भरवशावर गहू खाऊ देऊ नका. पाणी, भात, पातळ वरण द्या, विश्रांती द्या आणि पुढच्याच जेवणापासून नेहमीचं पथ्य. त्रास काही तासांत थांबतो किंवा काही दिवस चालतो. उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना. उलट, काहीच त्रास झाला नाही म्हणून ‘याला चालतं’ असं समजू नका, लक्षणं नसतानाही आतड्यावर परिणाम होतो.

आणि त्या आकड्याचं. टीटीजी एका महिन्यात नॉर्मल होत नाही. पथ्य नीट असलं तरी वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आधीच्या रिपोर्टपेक्षा कमी होत असेल तर घाबरू नका, पण तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. उतरतच नसेल किंवा परत चढला, तर दळण, तेल, हिंग असं घरात काय काय वापरता ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, आणि मुलाची उंची-वजनाची नोंदही सोबत ठेवा.