क्रिमिनल जस्टिस शिकून पोलीसच व्हायचं असतं का?

नाही. नावामुळे तसं वाटतं खरं. पण या पदवीत पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही यंत्रणा एकत्र अभ्यासतात: अटकेनंतर माणूस कुठून कुठे जातो, कोणत्या टप्प्यावर कोणाच्या हातात किती अधिकार असतो, आणि शिक्षेने नेमकं काय साधतं. हा शेवटचा प्रश्न फार जुना आहे. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणार याची खात्री गुन्ह्यांना जास्त आळा घालते, असं इटलीचा विचारवंत बेकारिया १७६४ मध्येच मांडून गेला.

पोलीस, तुरुंग प्रशासन, कस्टम्स या नोकऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात. माझ्या मते सर्वात दुर्लक्षित काम प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं) अधिकाऱ्याचं. आरोपीचं घर, व्यसन, कामधंदा पाहून न्यायालयाला अहवाल द्यायचा, सुटका झाली की त्याच्यावर नजर ठेवायची आणि त्याला सावरायचंही. अर्धा पोलीस, अर्धा समुपदेशक! माणसांशी बोलता येत असेल आणि स्वच्छ लिहिता येत असेल, तर हे काम जरूर बघा.

याशिवाय पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, गुन्ह्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण, बँका आणि विमा कंपन्यांतला फसवणुकीचा तपास.

मात्र फॉरेन्सिक प्रयोगशाळेचं स्वप्न असेल, तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घ्या. तिथे ही पदवी सहसा पुरत नाही. वकिलीसाठीही कायद्याचं शिक्षण वेगळं घ्यावंच लागतं. आणि संख्याशास्त्राचा पेपर ऐच्छिक असला तरी सोडू नका.