तुमचे प्रश्न : अमेरिकेतला तो एक महिना

प्रश्न : माझी मुलगी आडगावच्या मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (आपल्याकडच्या एमडीसारखं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) करायची आहे. तिकडच्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, पास झाली. आता महिनाभर तिकडच्या हॉस्पिटलात रोटेशन, म्हणजे एका विभागात राहून काम, करायचं म्हणते. खर्च लाखांत आहे. शिवाय तिनेच कुठेतरी वाचलं, की मेडिसिनला अशा अवे रोटेशनची गरज नसते. पाठवू की नको?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, तिने वाचलंय ते खरं आहे, पण ते अमेरिकेत शिकणाऱ्या पोरांसाठी. त्यांना ऑर्थोपेडिक्स किंवा इमर्जन्सी मेडिसिन हवं असेल तर परक्या हॉस्पिटलात महिनाभर राबून दाखवावं लागतं. मेडिसिनचं तसं नाही. जागा दरवर्षी दहा हजारांच्या वर, आणि त्यांच्या कॉलेजचा मेडिसिन विभागच त्यांचं शिफारसपत्र लिहितो. निवड करणारे त्या विभागाला ओळखून असतात. तुमच्या मुलीच्या युनिट हेडने कितीही जीव ओतून लिहिलं तरी ओहायोत रेसिडेन्सी चालवणाऱ्या प्रोग्राम डायरेक्टरला त्या पत्राचं वजन कळत नाही. तिकडच्या वॉर्डात हिचं काम तिकडच्याच कुणीतरी पाहिलेलं हवं. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, बाहेर शिकलेल्या अर्जदारांपैकी २०२४ मध्ये शंभरातल्या साधारण ५८ जणांना जागा मिळाली, बाकीचे राहिले. तेव्हा पाठवा. एकच महिना, पण नीट निवडून.

मी अमेरिकेत रेसिडेंट्सना शिकवत होते तेव्हा निवड समितीतही बसायचे. ‘नम्र, वेळेवर येणारी, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारी’ असं पत्र आलं की आम्ही पान उलटायचो. असलं वर्णन लग्नाच्या बायोडेटातही असतं! ज्या पत्रात एखादा पेशंट असायचा, ते मात्र सगळे वाचायचे. पोटॅशियम वाढलेलं हिने सकाळी राउंडच्या आधीच पाहिलं, ईसीजी काढून घ्यायला सुचवलं, दुपारी परत जाऊन पेशंटला बघून आली. चार ओळी, पण त्या लिहायला लिहिणाऱ्याने तिला काम करताना पाहिलेलं असावं लागतं. तुमचे लाख या चार ओळींसाठी जाणार आहेत.

म्हणून इलेक्टिव्ह आणि ऑब्झर्व्हरशिप यांत गल्लत नको. विद्यार्थी असेपर्यंत इलेक्टिव्ह मिळू शकते: पेशंटशी बोलायचं, तपासायचं, राउंडवर केस मांडायची. एकदा डॉक्टर झाली की बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिपच. हात मागे बांधून बघायचं. बघणाऱ्या पोरीबद्दल कुणी काय लिहिणार? इंटर्नला काही कॉलेजं विद्यार्थी धरतात, काही धरत नाहीत, ते आधी मेल करून विचारून घ्या. इंटर्नशिपमध्ये रजा मोजकीच असते, जास्त घेतली की इंटर्नशिप तेवढी लांबते, हेही हिशेबात धरा. अर्ज सप्टेंबरमध्ये जातात. त्याआधी पत्र चढलेलं हवं, म्हणजे ऑगस्टमध्ये जाऊन उपयोग नाही.

हॉस्पिटल निवडताना नाव बघू नका. तिथे मेडिसिनची स्वतःची रेसिडेन्सी आहे का आणि ते जे-वन व्हिसावाले (बाहेरून प्रशिक्षणाला येणारे डॉक्टर) घेतात का, एवढं बघा. प्रोग्रामच्या वेबसाइटवर सध्याचे रेसिडेंट्स कुठल्या कॉलेजचे आहेत ते असतं. त्यात भारतातली एकदोन नावंही दिसली नाहीत तर पुढचं बघा. २०२० पासून मुलाखती बहुतेक व्हिडिओवरच होतात, त्यामुळे तिला प्रत्यक्ष पाहिलेला प्रोग्राम हा बहुधा एवढा एकच असेल. तिथे मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरी. हमी नाही.

तिला एक सांगा. आपल्याकडच्या मुलांनी टीबी, डेंग्यू, सर्पदंश पाहिलेले असतात. द्राक्षबागेतली फवारणी पोटात गेलेला पेशंटही पाहिलेला असतो. प्लीहा हाताला लागते का हे त्यांना कळतं, तिकडच्या पोरांना स्कॅन लागतो. पण राउंडवर सर बोलत असताना गप्प उभं राहायची आपली सवय. तिकडे गप्प राहिलं की येत नाही असंच धरतात. ‘मला वाटतं हे अमुक असावं, कारण...’ हे वाक्य तिने रोज म्हणायला हवं. चुकलं तर चुकलं. याची तालीम इथल्याच वॉर्डात आजपासून करता येते, फुकट.

आणि स्टेप टूचा, म्हणजे त्याच परीक्षेच्या पुढच्या टप्प्याचा, स्कोअर. स्टेप वन २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे पहिली चाळणी स्टेप टूच्या आकड्यावर लागते. रोटेशनच्या तयारीत तो अभ्यास मागे पडत असेल तर रोटेशन पुढे ढकला. कमी स्कोअर कुठलंही पत्र झाकत नाही.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत विचारलं तर इलेक्टिव्हला चाललेय असंच सांगायचं आणि कॉलेजचं पत्र पुढे करायचं. मावशीकडे फिरायला वगैरे नाही.

प्रश्न : एका एजंटने मुलाला अमेरिकेतल्या रोटेशनचं तीन महिन्यांचं पॅकेज दिलंय, तीन डॉक्टरांची पत्रं ‘नक्की’ म्हणतो. मुलगा पास होऊन दोन वर्षं झाली. टोकन दिलंय. उरलेले पैसे भरू का?
– एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : पत्र आधीच नक्की असेल तर त्यात मुलाबद्दल काय असणार? ते तीन डॉक्टर कुठल्या हॉस्पिटलात बसतात, तिथे रेसिडेन्सी आहे का, मुलाला पेशंट तपासू देणार का, हे एजंटकडून लेखी मागा. अशी पॅकेजं बहुतेक खासगी क्लिनिकमधली असतात. लेखी उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका, आणि टोकनची पावती घेतली नसेल तर ती आजच घ्या.