त्रास न देणारा पेशंट

प्रिय सिस्टर,

मेडिसिनच्या वॉर्डात तुझी ड्यूटी लागली आणि पेशंट भरती करून घेताना भरायच्या कागदांमध्ये मनाच्या तपासणीचा फॉर्मही तुझ्या हाती आला. तू विचारलंस, हे मानसोपचार विभागाचं काम आपल्या गळ्यात का? सलाईन, इंजेक्शनं, ड्रेसिंग, नोंदी, यातून आणखी वेळ काढायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. वॉर्डाचा भार किती असतो हे मला कुणी सांगायला नको. तरीही हे काम तुझंच आहे असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांचा राऊंड आला की पेशंट सावरून बसतो आणि "बरं आहे" म्हणतो. तोच माणूस पहाटे तीन वाजता छताकडे बघत जागा असतो, ते फक्त नाइटच्या सिस्टरला दिसतं. जेवण तसंच परत जातं. भेटायला आलेल्या मुलीकडे पाठ करून तो झोपून राहतो. काल आपणहून तोंड धुणारा आज उठायलाही तयार नसतो. कालचा माणूस आणि आजचा माणूस यांतला हा फरक चोवीस तास वॉर्डात असणाऱ्यांनाच कळतो.

ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना आपण एक वाक्य सहज बोलून जातो: "त्यांचं काही नाही, शांत झोपून असतात, काही त्रास नाही." या वाक्यापाशी तू थांबायला शिकावंस, एवढ्यासाठीच खरं तर हे पत्र लिहिते आहे. जो ओरडतो, सलाईन उपटतो, त्याच्याकडे सगळे धावतात. जो काहीच मागत नाही त्याच्याकडे कुणी जात नाही. आणि ज्या दोन गोष्टी जनरल वॉर्डात सर्वांत जास्त नजरेतून सुटतात, त्या या शांतपणातच दडलेल्या असतात. एक नैराश्य आणि दुसरी डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ.

डिलिरियम म्हटलं की बडबड आणि धडपड डोळ्यांसमोर येते. पण त्याचा एक मंद प्रकार असतो. वयस्कर पेशंट गुंगीत पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो, अर्धं उत्तर देतो आणि पुन्हा मिटतो. घरचे म्हणतात, वय झालं, थकलेत. आपणही मान डोलावतो. डिलिरियम ओळखायची कॅम (कन्फ्यूजन असेसमेंट मेथड) नावाची पद्धत १९९० मध्ये आली, ती यासाठीच उपयोगी आहे. त्यात चार गोष्टी पाहायच्या असतात: बदल अचानक झाला आणि दिवसभरात कमीजास्त होतो का, लक्ष टिकेनासं झालंय का, बोलणं विस्कळीत आहे का, आणि शुद्ध नेहमीपेक्षा वेगळी आहे का. पहिल्या दोन असतील आणि उरलेल्या दोहोंपैकी एक तरी असेल, तर डिलिरियम धरून चालायचं. लक्ष तपासायला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांग. बदल कधीपासून, हे मात्र घरच्यांनाच विचार: "परवा हे असे होते का?" या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. आधी पेशंटचा चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे ना, तेवढं बघ.

इथे मनाची तपासणी करता करता शरीरातला बिघाड हाती लागतो. डिलिरियमच्या मागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, रक्तातलं कमी झालेलं सोडियम, कमी पडणारा ऑक्सिजन किंवा नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, असं काहीतरी असतं. म्हणून "पेशंट गप्प आहे" एवढंच सांगू नकोस. "काल सायंकाळपर्यंत नीट बोलत होते, आज महिने उलटे म्हणता येत नाहीत" असं सांग. मग डॉक्टर लगेच पलंगापाशी येतात.

नैराश्याचं वेगळं आहे. आजारी माणसाला झोप नसते, भूक नसते, थकवा असतो, मग त्यातलं आजाराचं किती आणि मनाचं किती? ही अडचण जुनीच आहे. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात शारीरिक लक्षणं म्हणूनच बाजूला ठेवली. चिंतेचे ७ आणि नैराश्याचे ७ प्रश्न. तुमच्या फॉर्मवर बहुधा पीएचक्यू या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न असतील. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, आणि उदास, निराश वाटतं का. प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की नऊ प्रश्नांचा पूर्ण फॉर्म. तिथे १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी हवीच. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं, हृदयविकाराच्या झटक्यानंतरही ते पुष्कळांना येतं. अशा पेशंटच्या बाबतीत "एवढं झाल्यावर वाईट वाटणारच" म्हणून सोडून देऊ नकोस. कारण समजलं म्हणून उपचार नको असं होत नाही. नैराश्यातला माणूस औषधं चुकवतो, व्यायाम टाळतो, आणि मूळ आजारही रेंगाळतो.

पण लक्षात ठेव, हे आकडे म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टर करतील. कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं, एवढंच आकडा सांगतो.

आता विचारायचं कसं. आपल्या बोलण्यात एक सवय फार मुरलेली आहे: "टेन्शन वगैरे नाही ना काही?" "झोप लागते ना?" यात उत्तर आपणच देऊन टाकतो. समोरचा भला माणूस "नाही, नाही" म्हणून आपली सुटका करतो. प्रश्नातला हा "ना" काढून टाक. फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं वाच, चारही पर्याय वाच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. वाचता न येणाऱ्यालाही चारही ऐकव. स्टूल ओढून बस. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्या उभ्याच उत्तर मिळतं. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवायचं. मुलगा वडिलांच्या वतीने उत्तरं देत असेल, तर ती वडिलांची उत्तरं नाहीत. आणि सुरुवातीला सांग की "हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो, बीपी बघतो तसंच." या वाक्याने माणसाला वाटणारा संकोच पुष्कळ कमी होतो. मात्र मग खरोखर सगळ्यांना विचारायला हवं, फक्त रडणाऱ्यांना नाही.

माणसं "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, मन लागत नाही, जीव घाबरा होतो, कशातच राम वाटत नाही, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. हे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिही. "पेशंट उदास" या दोन शब्दांपेक्षा त्यांत कितीतरी जास्त माहिती असते.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव देण्याच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, तू थांबायचं आणि पुढे विचारायचं. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरेल, अशी भीती तुला वाटेल. तसं होत नाही, हे अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. उलट विचारल्यावर माणसाला हलकं वाटतं. आडून विचारू नकोस. "जीव द्यावा असा विचार मनात येतो का? आत्ता, या क्षणी येतोय का? कसं करायचं ठरवलंय का?" आवाज नेहमीचाच ठेव. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडून डॉक्टरांना शोधायला जायचं नाही. कुणाला तरी हाक मारायची आणि आपण तिथेच थांबायचं. ब्लेड, पट्टे, उशीखाली साठवलेल्या गोळ्या काढून घे, खिडकीजवळचा बेड बदल, गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहा. "कुणाला सांगू नका" म्हणाला तर तसं वचन देऊ नकोस. सांग, "तुम्हाला जपायचंय म्हणून डॉक्टरांना सांगावं लागेल." नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं, ते मग डॉक्टरांशी बोलून ठरव.

दारूचंही पहिल्याच दिवशी विचार. "घेता का?" याला उत्तर नाही असंच येतं. "शेवटची कधी घेतलीत, आणि रोज किती होते?" असं विचार, चेहऱ्यावर काही न आणता. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं सुरू झालं तर घरच्यांना वाटतं, ऑपरेशनने वेड लागलं. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे, आणि आधी माहीत असेल तर बहुतेक वेळा टाळता येते.

शेवटची गोष्ट, जिथे बहुतेक वॉर्ड कमी पडतात. फॉर्म भरला जातो, फाइलला लागतो, आणि तिथेच राहतो. माणसाने मन उघडं करून सांगितलं आणि पुढे काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी तो कुणालाच काही सांगणार नाही. त्यामुळे आकडा जास्त आला की ड्यूटी संपण्याआधी डॉक्टरांना तोंडी सांग, कुणाला आणि किती वाजता सांगितलं ते लिही, ओव्हरमध्ये बोल. सायकियाट्रीचा कॉल गेला का, ते पाहून गेले का, हे दुसऱ्या दिवशी विचार. कुणी टोलवाटोलवी केली तर इन्चार्ज सिस्टरांकडे जा; त्यात भांडखोरपणा नाही. आणि डिस्चार्जच्या कागदावर बीपीच्या गोळ्यांखाली मानसोपचाराच्या ओपीडीची तारीखही आहे का ते बघ. नसेल, तर पेशंट खाली उतरायच्या आत ती लिहून घे.

तुझी,
ताई