गावी उभ्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली. नंबर प्लेट ‘रिन्यू’ कधी आणि कशी करायची?

तुम्ही डोंबिवलीला, आईवडील आणि गाडी गुहागरकडे. वडिलांच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १८ सप्टेंबरला पंधरा वर्षं होतायत. गणपतीत गावी याल तेव्हा नंबर प्लेट रिन्यू करून टाकू, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गणपतीपर्यंत थांबू नका. मी याच तालुक्यात, समुद्र घरातून ऐकू येईल इतक्या जवळ राहते. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचं हेच काम केलं आणि उशिरा हात घातल्यामुळे कुठे अडकायला होतं ते पाहिलंय.

आधी एक गोंधळ दूर करू. नंबर प्लेटला मुदत नसते, नंबरही बदलत नाही. मुदत असते ती नोंदणीला, म्हणजे आरसीला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर गाडी दाखवून, तपासून घेऊन दर पाच वर्षांनी वाढवायची. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे जे गावात बोललं जातं ते दिल्लीच्या बातम्या ऐकून. आपल्याकडे गाडी धडधाकट असेल तर नोंदणी वाढवून मिळते.

प्लेटचा संबंध येतो तो एचएसआरपीमुळे, म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेटमुळे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना ती शोरूममधूनच लागून आली, त्याआधीच्या गाड्यांना आपणच बसवून घ्यायची. ॲल्युमिनियमची प्लेट, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारे लॉक. महाराष्ट्रात आधी ३१ मार्च २०२५ ची मुदत होती, ती पुढे पुढे सरकत गेली आणि आमच्याकडे बरेच जण निवांत राहिले. तुमच्या गाडीला ती नसेल तर सगळ्यात आधी ते करा, कारण जुन्या प्लेटवर आरटीओतली कामं अडतात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८७९ रुपये. बुकिंग परिवहन खात्याच्या वेबसाइटवरून पुढे जाऊनच करा. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट निघाल्यात आणि त्यात लोकांचे पैसे गेलेत. गाडी जिथे वापरता तिथलं केंद्र निवडता येतं, त्यासाठी ती डोंबिवलीला न्यायची गरज नाही. समोरच्या काचेवर लावायचा स्टिकरही प्लेटबरोबर मिळतो, पेट्रोलला फिकट निळा. तो तिथेच लावून घ्या.

आता मूळ मुद्दा, चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच ठोकलेला ओळख क्रमांक. आपल्या किनाऱ्यावर याचा विचार तारखेच्याही आधी करायला हवा.

मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तुमच्या हिशोबाने जुलैच्या वीस तारखेच्या आसपास. कागदावर दोन महिने भरपूर वाटतात. मलाही वाटले होते. मी मुदतीच्या दहा दिवस आधी ऑनलाइन अर्ज करून फी भरली, सकाळी तवसाळहून फेरीबोटीत गाडी घातली, जयगडला उतरून रत्नागिरीचं आरटीओ गाठलं. गाडी धुतलेली, दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर चालू, विमा आणि पीयूसी ताजी. मोटार वाहन निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं, इंजिनामागच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि बोट लालसर होऊन वर आलं. सतरा आकडे-अक्षरांचा नंबर, त्यातली पहिली तेरा वाचता येत होती. शेवटची चार गंजाने पूर्ण बुजलेली. ते शांतपणे म्हणाले, “बाई, गाडी चांगली आहे. पण हा नंबर आरसीशी जुळतो हे माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी सही कशी करू?” त्यांचं अगदी बरोबर होतं. चोरीची गाडी आणि माझी गाडी यांतला फरक तेवढ्या चार आकड्यांतच असतो.

पंधरा पावसाळे खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी वरून कितीही चकचकीत दिसो, आत पत्र्याला पोपडे धरलेले असतात. त्यात तुमची गाडी वर्षातले दहा महिने जाग्यावरच उभी. रोजच्या गाडीचं बॉनेट कोणी ना कोणी उघडतं, इंजिन तापतं, ओल सुकते. पडवीत झापांखाली उभ्या गाडीत ओल तशीच बसून राहते.

परत आले. गावातला गॅरेजवाला मदत करायला म्हणून बोलला, “ठोकून देऊ की नवीन आकडे, पंच आहे माझ्याकडे.” हे कधीही करू देऊ नका, कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी. परवानगीशिवाय चासी नंबर पुन्हा ठोकणं हा गुन्हा आहे आणि ती गाडी जन्मभर संशयात राहते. नंबर खरोखरच गेला असेल तर आरटीओकडे रीतसर अर्ज करून परवानगीनेच तो पुन्हा उमटवून घ्यायचा असतो, आणि त्यात वेळ जातो.

सुदैवाने माझा नंबर गेला नव्हता, झाकला गेला होता. जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन रोज संध्याकाळी थोडं थोडं भिजवायचं, ब्रशने हलक्या हाताने चोळायचं, कापडाने टिपायचं. पॉलिश पेपर लावायचा नाही. आकडे पत्र्यात फार खोल नसतात, गंजाबरोबर तेही घासून जातात. तिसऱ्या संध्याकाळी पातळ कागद ठेवून मऊ शिसाची पेन्सिल आडवी फिरवली तेव्हा काळ्यावर पांढरे एकेक उमटत गेले. पहिला आठ, मग आरसीवर वाचून ज्याला मी इतके दिवस ओ समजत होते तो शून्य. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, हे लक्षात ठेवलंत तर अर्धवट दिसणारा आकडा ओळखायला सोपं जातं. मग वर ग्रीसचा पातळ हात दिला आणि पुन्हा रत्नागिरी.

या सगळ्यात मुदत उलटली. उशिराची फी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये, दुचाकीला ३००, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. माझे पाचशे गेले. आमच्या वाडीतल्या एकांची गाडी चौदा महिने अशीच राहिली होती. त्यांना चारचाकीची मूळ फी ५,००० आणि वर उशिराचे ७,००० पडले. दुचाकीची मूळ फी १,००० आहे. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा लागतो, तोही धरून ठेवा.

पण पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती विम्याची. बरेच जण म्हणतात, गावातल्या गावात बाजारापर्यंत तर न्यायची, कोण विचारतंय? मुदत संपलेल्या गाडीला रस्त्यावर २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पण तो एकदा भरून मोकळं होता येतं. अपघात झाला तर तसं होता येत नाही. तात्पुरती नोंदणी संपलेली गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ ला सांगितलं की वैध नोंदणी नसताना गाडी वापरणं हाच पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. हप्ते वेळेवर भरलेले असूनही. गणपतीत तुमच्याकडे पाहुणे असणार, आणायला-सोडायला गाडी निघणारच. वडिलांना त्या दिवसांत अशा गाडीवर बसवू नका.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला: मे महिन्यात आंब्यांसाठी याल तेव्हाच, पावसाच्या आधी, चासी नंबर शोधून बघा. काही गाड्यांत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटच्या पायथ्याशी गालिच्याखाली. गालिचा उचलाल तेव्हा तळाचा पत्राही दाबून बघा, सडला असेल तर तो तेव्हाच जोडून घ्या. त्याच फेरीत एचएसआरपी बसवून घ्या. जुलैअखेर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २५ चा, म्हणजे नोंदणी वाढवण्याचा, अर्ज आणि फी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तपासणी. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो, पण त्या दिवशी जुन्या गाड्यांची तपासणी होणार का ते आधी फोनवर विचारा. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र काढून तो आधी उतरवा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी हे राहून गेलेलं असतं. थकलेलं ई-चलान असेल तर तेही भरून टाका.

नवी आरसी टपालाने येते, आरसीवरच्या पत्त्यावर. आईवडील मध्येच तुमच्याकडे डोंबिवलीला आले आणि घर बंद राहिलं तर ती परत जाईल. पोस्टमनना आधी सांगून ठेवलेलं बरं.

आज रात्री वडिलांना फोन कराल तेव्हा एकच विचारा: गाडी घेताना दिलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का? ओटीपी त्याच नंबरावर येतो. सिम बंद पडलं असेल तर पोर्टलवर नंबर बदलण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.