गावचा नाला थेट समुद्रात जातो. किनाऱ्याचं पाणी पोहण्यालायक आहे का, हे आपलं आपण कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की नाला पुळणीवरच येऊन मिळतो, अहवालात मात्र पाणी 'समाधानकारक' आहे, आणि घरी किट आणून तपासता येईल का. किटचं पुढे सांगते. आधी तो अहवाल पुन्हा काढा आणि नमुना किती वाजता घेतला ते बघा. तारीख असेल, वेळ बहुधा नसेल. वेळ असलीच, तर तेव्हा भरती होती की सुकती (ओहोटी) हे नक्की नसेल. आणि ते नसेल, तर त्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. भरती-सुकतीच्या या एका रकान्यावरून नोकरीत माझं मोठं भांडण झालंय, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी मुंबईत एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागात होते. किनाऱ्याच्या पाण्याचं काम आमच्याकडे होतं, गिरगाव चौपाटीपासून वर्सोव्यापर्यंत. गाडी दहाच्या पुढे निघायची. तारखा साहेब ठरवायचे, आणि त्या जवळजवळ नेहमी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास यायच्या. कारण साधं होतं. भरती असली की चिखल तुडवावा लागत नाही, पायरीवर उभं राहून बाटली भरता येते.

कोकणातल्या माणसाला तिथीची पाऊणपट, म्हणजे तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हे शिकवावं लागत नाही. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. सुकती त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत ऑफिसच्या वेळेत कायम भरतीच असणार, आणि खरी खोल सुकती पहाटे नाहीतर दिवेलागणीला, जेव्हा सरकारी किंवा खासगी कुठलीच गाडी किनाऱ्यावर नसते. त्यात दुपारचं ऊन. उन्हात सांडपाण्यातले जंतू खाऱ्या पाण्यात तास-दोन तासांत झपाट्याने मरतात, रात्री मात्र कितीतरी जास्त टिकतात. तेव्हा उधाणाच्या दिवशी भर दुपारी घेतलेला नमुना म्हणजे पाणी सर्वांत जास्त, ऊन सर्वांत कडक आणि आकडा सर्वांत कमी. असे अहवाल वर्षभर गोळा केले तरी किनारा स्वच्छच निघेल.

एकदा सुट्ट्यांमुळे तारीख सरकली आणि अष्टमीला गेलो. माहीमला पोचलो तेव्हा दुपारचे बारा, पूर्ण सुकती. मिठी नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते तिथलं पाणी काळं, संथ, वर बुडबुडे. पाण्यातला प्राणवायू मोजायची बाटली भरली. घासलेल्या काचेच्या बुचाची असते ती, आत हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नसतो. मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच लावून उलटीपालटी केली. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो आणि हळूहळू खाली बसतो. इथे धरला तो पेजेसारखा पांढरा. हलवला, थांबले, परत हलवला, पांढराच. मदतनीस म्हणाला, मॅडम, केमिकल खराब झालंय. मलाही शंका होतीच, म्हणून सोबतच्या पिण्याच्या पाण्याची बाटली केली. तिच्यात लगेच तपकिरी. म्हणजे केमिकल ठणठणीत होतं, खाडीच्या पाण्यातच प्राणवायू उरला नव्हता. आपल्याकडे पोहण्यासाठी आणि मासेमारीसाठी जो एसडब्ल्यू-२ वर्ग ठरवलाय, त्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो.

जंतूंचा नमुना मी त्या दिवशी मुद्दाम पातळ करत करत लावला. नेहमी आम्ही १०, १ आणि ०.१ मिली अशा पाच-पाच नळ्या लावायचो. जंतू वाढले की नळीत गॅस येतो. सगळ्यांत गॅस आला की तक्ता सांगतो शंभर मिलीत '१६०० पेक्षा जास्त', आणि अहवालात तेवढंच जातं. वाचणाऱ्याला वाटतं सोळाशेच्या जवळपास असेल. कच्च्या सांडपाण्यात शंभर मिलीत दहा लाख ते कोटीच्या घरात फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, असतात. तक्ता संपतो म्हणून आकडा संपत नाही. दुसऱ्या दिवशी ४४.५ अंशांच्या वॉटर बाथमधून नळ्या काढल्या, तर पार पातळ केलेल्या रांगेतही आतल्या छोट्या उलट्या नळीत गॅसचा बुडबुडा होता. आकडा लाखांत गेला. एसडब्ल्यू-२ ची मर्यादा शंभर मिलीत १०० आहे.

तो अहवाल साहेबांनी परत पाठवला. नमुना प्रातिनिधिक नाही, भरतीला जाऊन पुन्हा घ्या. पुन्हा घेतला, तोच पुढे गेला. नंतर फॉर्म नवीन छापून आले, त्यात भरती-सुकतीचा रकानाच नव्हता. मी समासात पेन्सिलने लिहीत राहिले, टाइप करताना ते गळत राहिलं.

त्यांची बाजू पोकळ होती असं मी म्हणत नाही. त्यांचं म्हणणं, सुकतीला तिथे असतं ते खाडीचं पाणी, समुद्राचं नव्हे. आपल्याला समुद्र मोजायचाय. शिवाय मुंबईचं सांडपाणी वरळी आणि वांद्र्याला बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडलं जातं, तिथे ते पातळ होतं, किनाऱ्याला त्याची बाधा होऊ नये हीच तर योजना. हे सगळं मान्य. पण बोगद्यातून जातं ते पाणी वेगळं आणि नाल्यांतून, मिठीतून, झोपडपट्टीच्या गटारांतून थेट किनाऱ्यावर येतं ते वेगळं. ते कुठल्याच बोगद्यात शिरत नाही. आता सात नवी मोठी मलजल प्रक्रिया केंद्रं होतायत, जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं, मिळून दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटरची. चांगली गोष्ट आहे. पण पाइपात आलेलंच पाणी केंद्रात शुद्ध होणार.

आणि पाण्यात असतं कोण, हा माझा मुद्दा तेव्हाही होता, आजही आहे. सुकतीला खडपावर कालवं काढायला बाया येतात, तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला येतात, पोरं डबक्यांत खेळतात. माझी आजीही जायची. त्या भरतीला येत नाहीत, येऊच शकत नाहीत. त्यात कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून खातात, पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात, आणि तेच संध्याकाळी कालवणात पडतं. ज्या पाण्यात माणूस उभा आहे ते सोडून, जिथे कोणी नाही तेव्हाचं पाणी मोजायचं, याला देखरेख म्हणणं मला मान्य नाही.

आता तुमचं काम. नमुने सुकतीलाच घ्या आणि सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. उधाणाच्या दिवसांत या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. नाल्याच्या तोंडाशी एक, दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक, आणि तुलनेसाठी त्याच जागांवर भरतीलाही घ्या. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा, बिसलेरीची धुऊन चालणार नाही. मांडीभर पाण्यात जा, पायाखालची वाळू ढवळली असेल तर ती खाली बसू द्या, कारण वाळूत जंतू साठलेले असतात. बाटलीचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करून वीतभर खालून भरा. लगेच बर्फात. सहा तासांत प्रयोगशाळेत पोचलीच पाहिजे, उशीर झाला तर नेऊ नका, पैसे फुकट. तिथे फीकल कोलिफॉर्मबरोबर एन्टेरोकोकाय, म्हणजे विष्ठेतलेच दुसरे जंतू, तेही तपासायला सांगा. खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतात आणि पोहणाऱ्यांच्या पोटाच्या दुखण्याशी त्यांचा संबंध जास्त जुळतो, म्हणून अमेरिकेत १९८६ पासून समुद्रासाठी तेच धरतात. आणि नमुना पातळ करून लावा असं आधीच सांगा, '१६०० पेक्षा जास्त' असं उत्तर घेऊन येऊ नका.

किटचं म्हणाल तर बाजारात पाणी काळं होणारी जी बाटली मिळते, ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे. समुद्राच्या पाण्यात आणि चिखलात सल्फेटवर जगणारे दुसरे जंतू असतात, त्यांनीही ती काळी होते. घेऊ नका. त्यापेक्षा कोळंबी शेतीवाले वापरतात तो क्षारता बघायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडच्या समुद्राची क्षारता हजारी ३५ च्या आसपास असते. नाल्याच्या बाजूने आकडा खाली आला की नाल्याचं पाणी कुठवर पसरतंय ते तुम्हाला चालता चालता कळतं. जंतू कळत नाहीत, पण बाटली कुठे भरायची हे कळतं.

काही गोष्टी राहिल्या. गुरं आणि कुत्री किनाऱ्यावर असतील तर त्यांचीही विष्ठा या आकड्यात येते. पावसाळ्यात क्षारता अशीही उतरते, तेव्हा वरची युक्ती लागू नाही. पाऊणपट ढोबळ आहे, खाडीत भरती उशिरा पोचते, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या. तुमचा नाला लहान असेल तर थोड्या अंतरावर पाणी खरंच चांगलं असू शकेल, तेही मोजून मग म्हणा. हातमोजे घाला. आणि तुम्ही स्वतः काढलेला नमुना १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पुरावा ठरत नाही. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच लागतो. तुमचा अहवाल त्यांना तिथे यायला लावण्यापुरता.

म्हणून नुसती तक्रार करू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि तुमच्या किनाऱ्याच्या मागच्या वर्षभराच्या सगळ्या नमुन्यांच्या फील्ड शीटच्या प्रती मागा, वेळेसकट. निकालाचा तक्ता देऊन बोळवण करतील, तो घेऊन गप्प बसू नका, पहिलं अपील करा. वेळा हातात आल्या की पंचांग उघडून प्रत्येक तारखेची भरती तुम्हीच काढा आणि निकालाच्या शेजारी लिहा.