‘एकल अल्बम’ की ‘स्वतःच्या नावाचा अल्बम’?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकानं प्रश्न विचारलाय. तो आणि त्याचे मित्र मिळून इंग्रजी गाणी बसवतात, आणि कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तो स्टिव्ह बेटर्स या अमेरिकन गायकाच्या ‘डिस्कनेक्टेड’ या १९८० सालच्या अल्बमवर लेख लिहितोय. पहिल्याच वाक्याशी गाडी अडलीय. वाक्य असं: ‘पॉवर पॉप आणि गॅरेज रॉकचं मिश्रण असलेला हा पंक गायकाचा एकल अल्बम आहे.’ हे मराठी झालं का? ‘एकल’ बरोबर की ‘सोलो’? गॅरेज रॉकला मराठी शब्द करावा का? अंकाचं काम बघणाऱ्या सरांचा आग्रह आहे की जमतील तेवढे शब्द मराठी करा.

सरांचा आग्रह मला आवडला, कारण आपल्याकडे या संगीतावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा क्रियापदापुरतंच मराठी असतं. पण या वाक्यात पंक, पॉप, रॉक हे शब्द मला खटकले नाहीत. खटकले ते ‘एकल’ आणि ‘मिश्रण’, म्हणजे नेमके मराठी दिसणारे दोन.

आधी ‘एकल’ बघू. शब्द चांगला आहे, संस्कृतातून आलेला आहे आणि सध्या चलनातही आहे: एकल महिला, एकल पालक, एकल पीठ. युवा महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘एकल गायन’ आणि ‘समूहगीत’ शेजारी शेजारी छापलेले असतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण रंगमंचावर एकच गाणारा उभा असतो. तबल्याच्या मैफलीत ‘एकलवादन’ म्हणतात, तबलजी आपसांत बोलताना सरळ ‘सोलो’ म्हणतात. तिथंही लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी चाल, धरायला पेटीवाला किंवा सारंगीवाला असतोच, तरी मैफल तबलजीची असते आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

अल्बमचं तसं नाही. ‘एकल अल्बम’ वाचल्यावर नवख्या वाचकाला वाटतं, हा माणूस एकट्यानंच गायला-वाजवला. ‘डिस्कनेक्टेड’मध्ये गिटार, बेस, ड्रम असा सगळा ताफा आहे. बेस वाजवणारा फ्रँक सेसिच हा ‘ब्लू ॲश’ या ओहायो राज्यातल्या बँडमधला, आणि तो बँड गोड चालींच्या पॉवर पॉपसाठीच ओळखला जायचा. म्हणजे अल्बमचा गोडवा कुठून आला हे सांगायचं तर या साथीदाराचं नाव घ्यावंच लागतं, आणि ‘एकल’ शब्द नेमका त्यालाच वाक्याबाहेर काढतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. त्याच बेटर्सनं १९७९ साली ‘इट्स कोल्ड आउटसाइड’ हे गाणं सुटं काढलं. अशा सुट्या गाण्याच्या छोट्या तबकडीला इंग्रजीत ‘सिंगल’ म्हणतात. आता ‘सोलो’लाही एकल आणि ‘सिंगल’लाही एकल केलं तर लेखात असं वाक्य येणार: ‘१९७९च्या एकलनंतर १९८० साली त्याचा एकल अल्बम आला.’ वाचणाऱ्यानं काय समजायचं? सिंगलला ‘सुटं गाणं’ म्हणावं. सुटे पैसे, सुटी फुलं, सुटं गाणं, कानाला कुठं बोचत नाही.

मग सोलो अल्बमला काय म्हणायचं? माझं मत ‘स्वतःच्या नावाचा अल्बम’. सोलो अल्बममध्ये खरी घटना तीच घडलेली असते: आधी नाव बँडचं होतं, आता गाणाऱ्याचं आहे. बेटर्स हा ‘डेड बॉईज’ या बँडचा गायक. ओहायोतल्या क्लीव्हलंडची ही पोरं न्यूयॉर्कला गेली, सीबीजीबी या क्लबात गाजली, आणि १९७७ आणि १९७८ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले. त्यानंतर बेटर्सनं ग्रेग शॉच्या ‘बॉम्प’ या कंपनीकडून स्वतःच्या नावावर गाणी काढली. तमाशाच्या बोलीत हे सांगायला तयार वाक्य आहे: फडातून निघाला आणि स्वतःच्या नावाचा फड उभा केला. फडात ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या सगळे असतात, पण पाटीवर नाव एकाचं. लेखात फड शब्द घालावा असं मी म्हणत नाही. वाक्याची घडण मात्र तिथून घेता येते. आणि घाईत लिहायचं असेल तर ‘सोलो अल्बम’ लिहिलं तरी चालेल, ते ‘एकल अल्बम’पेक्षा स्पष्ट आहे.

‘अल्बम’ या शब्दाबद्दल सर काही बोलले असतील तर तो तसाच राहू द्यावा. लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणजे पांढरा. अल्बम म्हणजे लिहिण्यासाठीची पांढरी पाटी, पुढं कोरी वही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं, म्हणून लांब रचनेच्या चार-पाच तबकड्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकायचे. ती वही म्हणजे अल्बम. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी बाजारात आणली, वहीची गरज संपली, नाव राहिलं. आपण लग्नाचे फोटो ज्यात लावतो तो अल्बमही याच घरातला. ‘ध्वनिमुद्रिका’ हा सुंदर शब्द आहे, पण तो हातात धरायच्या वस्तूचा आहे. गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणावं.

आता ‘पंक’. मराठी वाचकाला पंक म्हटलं की ‘पंकज’मधला पंक आठवतो, म्हणजे चिखल. लेखनात दोन्ही सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही. ‘पन्क’ असं लिहून वेगळेपणा दाखवायचा खटाटोप करू नये, ‘पंक’च बरोबर. इंग्रजीत हा शब्द जुना आहे आणि त्याचे सगळेच अर्थ हलके: आधी वेश्या, अमेरिकेत कुजून भुसभुशीत झालेलं लाकूड, पुढं टारगट, वाया गेलेलं पोर. साधं, वेगवान, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या पोरांनी तीच शिवी आपल्या संगीताचं नाव म्हणून मिरवली. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. वात्रट ही शिवीच, पण तिच्यातूनच ‘वात्रटिका’ हा काव्यप्रकार झाला. ‘रस्त्यात तमाशा करू नको’ म्हणणाऱ्या आईच्या तोंडी जो शब्द आहे तोच आपल्या एका थोर लोककलेचं नाव आहे.

म्हणून पंकला ‘टारगट संगीत’ वगैरे करू नये. ख्याल, ठुमरी, टप्पा यांचं इंग्रजी कुणी करत नाही. नावं नावासारखी वापरतात आणि त्यांच्याभोवती समजावून सांगतात. पॉवर पॉपचं ‘शक्तिपॉप’ केलं तर ते जिमच्या डब्यातल्या पावडरीसारखं ऐकू येईल. हे नाव ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडनं १९६७ साली आपल्या बँडच्या गाण्यांबद्दल बोलताना वापरलं. चाल गोड, एकदा ऐकली की तोंडात बसणारी. दोन-तीन गळ्यांचं एकत्र गाणं. आणि त्याखाली गिटारचा मोठा, ठसठशीत आवाज. एवढं एका वाक्यात सांगितलं की मराठी वाचकाला पॉवर पॉप कळतो. ‘चाल’ हा शब्द तिथं आवर्जून वापरावा. ‘मेलडी’पेक्षा तो कितीतरी नेमका आहे, आणि आपल्या नाट्यसंगीतानं, भजनी मंडळांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केलेला आहे.

‘गॅरेज’ची गंमत वेगळी. कोल्हापुरात गॅरेज म्हटलं की उद्यमनगर, पाना, ऑइलचे डाग, ‘गाडी गॅरेजला लावलीय’. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, आपली मोटार ठेवायची खोली. साठच्या दशकात तिथल्या गावागावांतली शाळकरी पोरं त्या खोलीत गिटार-ड्रम घेऊन जमायची, आणि रेकॉर्डिंगला पैसे नसल्यानं गाणी घाईत, थोडक्या साधनांत व्हायची. आवाज फाटलेला, वादन सरळसोट, उत्साह ओसंडून वाहणारा. म्हणजे हे नाव जागेवरून पडलं. किराणा, जयपूर-अत्रौली ही घराण्यांची नावंही गावांवरूनच आली आहेत, तेव्हा जागेचं नाव गाण्याला देण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. गॅरेज शब्द ठेवावा आणि त्या गाण्याचा गुण सांगायला ‘रांगडा बाज’ म्हणावं. ‘रांगडा’ आपल्या मातीतला शब्द, आणि ‘बाज’ तर तबल्यातला रुळलेला: दिल्ली बाज, पूरब बाज. ‘शैली’ म्हटलं की काहीतरी विचारपूर्वक घडवलेलं वाटतं; बाज हातातून, सवयीतून येतो. गॅरेज रॉकला म्हणूनच तो शोभतो.

राहिला ‘मिश्रण’, आणि माझा खरा आक्षेप इथं आहे. मिश्रण परक्या वस्तूंचं होतं: वाळू आणि सिमेंटचं. या अल्बममधले तीन प्रकार एकमेकांचे परके नाहीत, आणि हे दाखवायला दोन गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट ‘इट्स कोल्ड आउटसाइड’ची. ते मूळ गाणं क्लीव्हलंडच्याच ‘द क्वायर’ या साठच्या दशकातल्या गॅरेज बँडचं. त्या बँडमधली काही मंडळी पुढं ‘रासबेरीज’मध्ये गेली, आणि रासबेरीज म्हणजे सत्तरच्या दशकातल्या पॉवर पॉपचं अगदी पहिल्या रांगेतलं नाव. म्हणजे गॅरेजमध्ये वाजवणारी पोरंच पुढं पॉवर पॉप वाजवू लागली, आणि त्यांच्याच शहरातून पुढं आलेल्या पंक गायकानं त्यांचं गाणं उचललं. दुसरी गोष्ट ‘डिस्कनेक्टेड’मधल्याच एका जुन्या गाण्याची: ‘आय हॅड टू मच टू ड्रीम’. मूळ गाणं साठच्या दशकातल्या ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ या बँडचं. १९७२ साली लेनी के या अमेरिकन संगीतलेखकानं साठच्या दशकातल्या विसरलेल्या गॅरेज गाण्यांचा ‘नगेट्स’ नावाचा संग्रह काढला, त्यातलं पहिलं गाणं हेच. आणि त्या संग्रहासोबतच्या टिपणात लेनी केनं या गॅरेज बँडांसाठी जो शब्द वापरला तो होता ‘पंक रॉक’. ‘रामोन्स’ या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा. म्हणजे आज आपण ज्याला पंक म्हणतो ते गाजायच्या चार वर्षं आधी पंक हे गॅरेज रॉकचंच एक नाव होतं.

आता ‘पंक गायकानं गॅरेज रॉकचं मिश्रण केलं’ हे वाक्य पुन्हा वाचावं. तो बाहेरून काही आणून ढवळत नव्हता, आपल्या घराण्याच्या जुन्या चिजा गात होता.

यासाठी लागणारा शब्द कोल्हापूरच्या गाण्यातच आहे: ‘जोड’. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांचं जयपूर-अत्रौली घराणं जोडरागांसाठी नावाजलेलं. बसंती केदार घ्या. बसंत आणि केदार दोन्ही त्यात ओळखू येतात, पण एक संपून दुसरा कुठं सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. चांगल्या गवयाकडून ऐकताना वाटतं, हे दोन राग असेच एकत्र जन्मले असणार. ‘इट्स कोल्ड आउटसाइड’ ऐकताना मला हेच जाणवतं: चाल पॉवर पॉपची, धक्का गॅरेजचा, आणि सांधा सापडत नाही. फ्यूजनच्या कार्यक्रमांवर लिहिताना आपण सर्रास ‘मिश्रण’, ‘मिलाफ’, ‘संगम’ म्हणतो. मिलाफ त्यातल्या त्यात बरा. पण जिथं सांधा दिसत नाही तिथं ‘जोड’ म्हणावं, आणि जिथं दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात तिथं खुशाल मिश्रण म्हणावं. हा फरक करता येणं ही मराठीची श्रीमंती आहे, ती वापरायला हवी.

जोडचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा. ‘शेतीला दुधाची जोड’ म्हणतो तेव्हा शेती मुख्य आणि दूध पुरवणी. त्यामुळं ‘पॉवर पॉपला गॅरेज रॉकची जोड’ लिहिलं तर गॅरेज दुय्यम ठरतो. ‘पॉवर पॉप आणि गॅरेज रॉक यांची जोड’ असं लिहिलं की दोघं बरोबरीचे होतात, कुस्तीतल्या जोडीसारखे.

वाक्य आता असं करता येईल: ‘डेड बॉईज या पंक बँडचा गायक स्टिव्ह बेटर्स यानं १९८० साली स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम काढला; त्यात पॉवर पॉपच्या गोड चाली आणि गॅरेज रॉकचा रांगडा बाज यांची जोड जमली आहे.’ मूळ वाक्यापेक्षा लांब झालं, हे खरं. मूळ वाक्य सगळी विशेषणं एका नामावर लादून चालत होतं. मराठीत ती उलगडून दोन क्रियापदांवर वाटून दिली की वाचणाऱ्याचा श्वास अडत नाही.

वाचकानं जाता जाता ‘कव्हर’बद्दलही विचारलंय. दुसऱ्याचं गाणं आपण गायलो तर त्याला कव्हर म्हणतात, पण अल्बमच्या लेखात कव्हर म्हणजे मुखपृष्ठही होतं आणि ओळीओळीला घोळ होतो. ‘पुनर्गायन’ वगैरे शब्द घडवायची गरज नाही. ‘द क्वायरचं जुनं गाणं त्यानं नव्यानं गायलं’ एवढं पुरतं. वाचकाच्या स्वतःच्या बँडबद्दल लिहिताना तर मराठीत आधीपासून असलेलं क्रियापद त्यानं प्रश्नातच वापरलंय: गाणी ‘बसवतो’. तेच ठेवावं.