चाकांवरचे प्रश्न : पन्हाळ्याची वाट आणि मिसळीवरचं भांडण

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र. दर रविवारी पहाटे आपापल्या गाड्या काढून पन्हाळ्याला जातो, येताना मिसळ. आमच्यातल्या एकाने दिवाळीत पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली आणि तेव्हापासून मिसळीवर नुसती भांडणं. एक जण तिला ‘वॉशिंग मशीन’ म्हणतो. वर म्हणतो, वीज कोळशाचीच, धूर इथं नाही तर चंद्रपुरात, फरक काय? इलेक्ट्रिकवाला म्हणतो, तुम्ही गाडीचे नाही, आवाजाचे पैसे मोजता. तिसऱ्याचं शिरोलीत मशीन शॉप आहे. तो तर हा विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठतो. निकाल तुम्हीच द्या.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निकाल हवा तर आधी भांडणं वेगळी करा. तुमच्या टेबलावर तीन आहेत : धुराचं, आवाजाचं आणि पोटाचं. तिन्ही एकाच कटात बुडवली की चव जाणारच.

धुराचं आधी घेऊ, कारण ते कागद-पेन्सिलीवर सुटतं. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, युनिटला सहा किलोमीटर जाते असं समजा. म्हणजे किलोमीटरला ११५ ते १२० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो. गाडी लिटरला १५ देत असेल तर किलोमीटरला १५३ ग्रॅम. राजारामपुरीत थांबत-थांबत ११ वर आली की २०० च्या वर. यात तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर आणणं धरलेलंच नाही. तेव्हा ‘काही फरक नाही’ ही थाप आहे, आणि गाडीच्या मागे चिकटवलेलं ‘शून्य प्रदूषण’ ही दुसरी थाप. शिवाय बॅटरी बनवताना कारखान्यात जो जादा धूर झालेला असतो, तो फिटायला गाडी हजारो किलोमीटर पळावी लागते. रोज कोल्हापूर-सांगली करणाऱ्याचा तो लवकर फिटेल. तुमच्यासारखे फक्त रविवारी गाडी काढणारे असतील तर पर्यावरणाचं नाव दोघांनीही घेऊ नये.

आता आवाज. माझी नोकरीची वर्षं पिंपरीत इंजिनच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासण्याच्या जागी, गेली. इंजिन पूर्ण लोडवर चालू ठेवलं की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारा भाग, आधी मळकट लाल होतो, मग हळूहळू नारिंगी. दिवे मालवले तर त्या उजेडात शेजारचे पाइप दिसतात. जाड काचेच्या अलीकडे उभं राहिलं तरी आवाज छातीत वाजतो. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू झालं तर मीटरचा काटा हलायच्या आत आमच्या फोरमनची मान वळलेली असायची. त्यामुळे आवाज आवडतो म्हणणाऱ्याला मी हसणार नाही. अजूनही बोरघाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी मारून गिअर नेमका बसला की मला बरं वाटतं. घरात इलेक्ट्रिक गाडीही आहे. ती याहून जोरात चढते, पण तिच्यात मला करण्यासारखं काही उरत नाही.

मात्र तो नारिंगी उजेड म्हणजे आपण पंपावर मोजलेले पैसे असतात, हेही टेस्ट बेडवरच शिकले. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण दोन-तृतीयांश भाग उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जातो. मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास चाकाच्या कामी लावते. घाटाचंच बघा. माणसांसकट १,७०० किलोची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटर वर न्यायची, तर नुसत्या उंचीसाठी अडीच युनिट वीज जाते. उतरताना त्यातली काही परत बॅटरीत येते. टाकीत परत आलेलं पेट्रोल मी अजून कुठल्या घाटात पाहिलेलं नाही.

वॉशिंग मशीन म्हणणाऱ्या मित्राला एवढं सांगा, की ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती. १८९९ साली पॅरिसजवळ, बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत बसून तो विक्रम केला. आणि इलेक्ट्रिकवाल्या मित्राला सांगा, की ह्युंदाईने आयोनिक ५ एन या आपल्या चपळ इलेक्ट्रिक गाडीत मुद्दाम खोटे गिअर आणि खोटा इंजिनचा आवाज घातलाय. गिऱ्हाईक मागतं म्हणूनच ना! मला स्वतःला तो पोरखेळ वाटतो, पण आवाजाची ओढ खोटी नसते याचा तो पुरावा आहे. आवडतो तर ‘आवडतो’ म्हणावं. त्यासाठी चंद्रपूरच्या चिमण्या कशाला मधे आणायच्या?

उरला शिरोलीचा मित्र. माझ्या मते तुमच्यात खरं बोलतोय तो एकटाच, जरी तो काही न बोलता उठत असला तरी. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप कशावर चालतात? सिलिंडर ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील हाऊसिंग. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच लागत नाही. मोटरचं आवरण लागतं, पण ते बहुतेक ॲल्युमिनियमचं, डाय कास्टिंगमधून, म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतून, आलेलं. ओतीव लोखंडाचं नाही. ब्रेक डिस्क, हब, सस्पेन्शनचे भाग मात्र राहतात. गाडी कशावरही चालो, तिला थांबावं तर लागतंच. ट्रॅक्टर, जनरेटर, पंपसेट यांची इंजिनं लगेच कुठे जात नाहीत. हायब्रिड आणि सीएनजी गाड्यांनाही इंजिन लागतंच. मित्राला म्हणावं, वहीत बघ, महिन्याच्या ऑर्डरींपैकी प्रवासी गाड्यांच्या इंजिनचा माल किती आणि बाकीचा किती. पहिला आकडा मोठा असेल तर नवं व्हीएमसी (संगणकावर चालणारं कापकामाचं) मशीन कर्जावर घेताना त्यावर ॲल्युमिनियमचं कामही निघेल अशी फिक्श्चर्स (माल पकडणारी साधनं) आणि टूलिंग (कापायची हत्यारं) आजच ठरव. आणि बाकीच्यांनी पुढच्या रविवारी त्याच्यासमोर ‘इंजिनं आता म्युझियममध्ये’ वगैरे बोलू नये. त्याच्या पोराची फी त्या इंजिनांतून जाते.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : पेट्रोल म्हणून तुम्ही जे भरता त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं थोडंफार तुमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटलं असेल तर मेकॅनिकला शिव्या देण्याआधी हे लक्षात घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंग माझ्या नावावर आहे, पण कमिटी चार्जरला परवानगी देत नाही. ‘आग लागेल, बिल सगळ्यांवर पडेल’ म्हणतात. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिलाचा मुद्दा सोपा आहे. २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. वेगळं मीटर, वेगळं बिल, सोसायटीच्या खांबावरच्या दिव्याशी संबंध नाही. आगीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र केबल, अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्या आणि त्याने सही केलेला चाचणीचा कागद कमिटीपुढे ठेवा. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणारे महाभाग मी पाहिलेत. तसलं काही केलंत तर मी कमिटीच्या बाजूने. मोठ्या चार्जरचा हट्टही नको. साधं १५ अँपिअरचं सॉकेट रात्रभरात ऑफिस-घर फेऱ्यांना पुरून उरतं.

प्रश्न : वडिलांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे. कार्ब्युरेटर सतत तुंबतो, नवं पेट्रोल रबराचे पाइप खातं. एकाने सुचवलं, इंजिन काढून मोटर बसव, कटकट संपेल. माझा जीव होत नाही. तुमचं मत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जीव होत नाही तर करू नका, आणि या वेळी नियमही तुमच्या बाजूने आहेत. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललं की तो हक्क जातो. एक अट आधी समजून घ्या : त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. रोज भाजीला जायचं असेल तर साधी फेरनोंदणीच ठेवा.

मोटरच्या बाबतीत सुचवणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली. मोटर बसवायच्या किटला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, तीही तुमच्या मॉडेलसाठी. त्यानंतर आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलायची, विमा कंपनीला कळवायचं. एवढं करूनही बॅटरीचं वजन पडणार चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर. ते ब्रेक १,०८९ सीसीच्या, ४० हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी बनवलेले आहेत. खंबाटकीचा उतार तुम्हाला मी सांगायला नको.

कटकट कमी करायला स्वस्त उपाय आहे. टाकी उतरवून आतून गंज साफ करून घ्या. कार्ब्युरेटर तुंबण्याचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला, पंपाचा पडदाही त्याच जातीचा. मध्ये पारदर्शक फिल्टर लावा, कचरा येतोय का ते डोळ्यांनी दिसेल. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. मोकळ्या जागेत दमट हवा शिरते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं. साताऱ्यात एखादा जुना फियाटवाला मिस्त्री अजून असेल. त्याच्याकडून स्टिअरिंगच्या दांडीवरच्या गिअरची जोडणीही एकदा तपासून घ्या. त्या सांध्यातली बुशं झिजली की गिअर शोधावा लागतो, आणि चढावर तो नेमका सापडत नाही.